सर्वसाधारण बाईची तारीख

मी सर्वसाधारण आहे, हे मी माझ्या तोंडाने सांगत नाही. तसं सरकारी प्रमाणपत्र माझ्याकडे होतं, शिक्क्यानिशी. अख्ख्या सोलापूर जिल्ह्यात ते मिळालेली मी एकटी. त्यामुळे आमच्या गल्लीत माझा भाव भलताच वाढला होता. कुणाचा मुलगा दहावीत पहिला येतो, कुणाची सून कलेक्टर होते, आणि आमच्या अव्वाची लेक शिवलीला मोजूनमापून, तपासून, बरोब्बर मधोमध निघाली. अव्वा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "आमच्या लीलाचं डोकं ना जास्त ना कमी."

एरवी मी शाळेच्या गणवेशांच्या कारखान्यात कॉलर शिवते. पण महिन्यातून एखाददा चिन्ह मंडळाचं बोलावणं यायचं. मग मी इस्त्रीची साडी नेसून जायची, कपाळाला पट्टी बांधून घ्यायची, चित्रं बघायची आणि परत यायची. एवढंच काम. पण माझ्या त्या बघण्यावर कंपन्या डोळे लावून बसलेल्या असत.

आता हे जरा नीट सांगायला हवं. व्यापारचिन्हाचा कायदा जुना आहे. एखाद्याने नवं चिन्ह नोंदवायला दिलं आणि दुसऱ्याला वाटलं की हे आपल्यासारखंच दिसतं, तर तो विरोध नोंदवतो. मग सुनावणी होते, आणि सुनावणीत प्रश्न एकच असतो : गिऱ्हाईक फसेल का? गिऱ्हाईक काही दोन पुडे शेजारी शेजारी धरून बघत नाही. त्याला एकाची पुसट आठवण असते आणि दुसरा समोर येतो. असा मध्यम अकलेचा, पुसट आठवणीचा माणूस फसेल का, हे शंभरेक वर्षं न्यायाधीश मनाशीच ठरवत आले. आणि न्यायाधीशाच्या मनात बसवलेलं गिऱ्हाईक शेवटी न्यायाधीशासारखाच विचार करणार.

मग ओळखपट्टी आली. आपण ओळखीची वस्तू पाहिली की तोंडाने नाव यायच्या आधीच मेंदूत विजेची एक बारीकशी लहर उठते. सेकंदाचा तिसरा हिस्सासुद्धा लागत नाही. अनोळखी वस्तूला ती तशी उठत नाही. कपाळावरच्या पट्टीला ही लहर टिपता येते, तिचा आकार कागदावर काढता येतो. म्हणून जुनं चिन्ह दाखवायचं, तीन आठवडे ते डोक्यात मुरू द्यायचं, मग नवं दाखवायचं. नव्यालाही जुन्यासारखीच लहर उठली तर मेंदूने दोन्ही एकच धरलं. फसवणूक सिद्ध. माणसाला खोटं बोलता येतं, लहरीला येत नाही.

राहिला प्रश्न की मेंदू कुणाचा? कुणाची आठवण दगडावरची रेघ, कुणाची चाळणी. म्हणून हजारो माणसं तपासून त्यांतली अगदी मधली निवडली आणि त्यांना नाव दिलं, प्रमाण ग्राहक. ती मी.

तर त्या दिवशी मी मंडळाच्या सोलापूरच्या दालनात खुर्चीवर बसले होते. तीन आठवड्यांपूर्वी मला एक चिन्ह दाखवलं होतं : लाल वर्तुळ, त्यात उखळ आणि मुसळ धरलेला हिरव्या बांगड्यांचा हात. निंगव्वा कोरे यांच्या शेंगाचटणीचं. सोलापुरात राहून ते मी आधी कधी नीट पाहिलं नव्हतं, कारण आमच्या घरात चटणी अव्वा कुटते आणि विकतची आणणं म्हणजे तिच्या तोंडावर तिचा अपमान. आज मला आरोहण फूड्स नावाच्या मोठ्या कंपनीचं नवं चिन्ह दाखवायचं होतं. शमा तांबोळी ही मंडळाची तंत्रज्ञ. तिने पट्टी बांधली आणि डोळे मिटायला सांगितले.

मी डोळे मिटले आणि भिंतीवरचा पडदा टुणकन वाजला. सुनावणी घेणाऱ्या वर्तकबाईंनी आधी मनात वाचलं, मग मोठ्याने. वरच्या कोर्टाचा आदेश होता. आजची सुनावणी पुढे ढकलावी.

कंपनीचे वकील सबनीस शांतपणे उभे होते. त्यांना आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही, कारण अर्ज त्यांचाच होता. त्यांचं म्हणणं असं की चटणी कुणी दर तीन आठवड्यांनी आणत नाही. एक पुडा चांगला दोन महिने पुरतो. म्हणजे खरं गिऱ्हाईक दुकानात येतं तेव्हा त्याची आठवण बरीच जुनी झालेली असते. तेव्हा बाईंची आठवणही तितकी जुनी होऊ द्या. कोर्टाला हे पटलं. पुढची तारीख जानेवारी संपता संपता पडली. तोवर प्रमाण ग्राहकाच्या नजरेला दोन्हींपैकी एकही चिन्ह पडता कामा नये, अशी अट होती.

पलीकडच्या बाकावर निंगव्वा कोरे बसल्या होत्या. साठीच्या, हिरव्या इरकलीतल्या, कानांवर पदर. त्यांच्याबरोबर काम बंद ठेवून आलेल्या पाच-सहा बायका. एकीने वकिलांना विचारलं, म्हणजे झालं काय? वकिलांनी हळू आवाजात सांगितलं ते मला ऐकू आलं. आठवण जितकी विरळ, तितकी लहर बारीक. लहर बारीक म्हणजे फसवणूक नाही. म्हणजे बाई जितकं विसरतील तितकं कंपनीचं भलं. निंगव्वांनी फक्त माझ्या कपाळाकडे पाहिलं. मला त्यांच्याशी बोलायची बंदी होती, म्हणून मी पट्टी सोडून ठेवली आणि खाली मान घालून निघाले.

तारीख पडली की लोक चरफडतात. मी चरफडले नाही, मी घाबरले. मी रोज थोडं थोडं विसरणार होते आणि माझ्या विसरण्यावर निंगव्वांकडे कामाला असलेल्या चाळीसएक बायकांच्या चुली होत्या. आणि हे विसरणंही प्रामाणिकपणे व्हायला हवं होतं. मुद्दाम घोकलेल्या आठवणीची लहर टोकदार येते, शमा ती बघताच ओळखते. बरं, आठवायचं नाही असं ठरवलं की काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. औषध घेताना माकड आठवायचं नाही, तशी माझी गत. भाकरी थापताना उखळ, कॉलर शिवताना उखळ, केस विंचरताना बांगड्यांचा हात.

दुसऱ्या दिवशी शमा घरी आली, हातात एक चष्मा घेऊन. वजनाला हलका, काचा साध्या. पण जगात जे जे काही विकण्यासाठी छापलेलं किंवा रंगवलेलं असेल, ते तो पुसट करायचा. पाट्या, पुडे, जाहिराती, रिक्षांच्या मागचे पडदे, सगळ्यांवर राखाडी ढग. घराबाहेर तो काढायचा नाही. घरात काढला तर चालेल, पण घर साफ केल्यावर. मग शमाने घर साफ केलं. तेलाचा डबा, चहाचा डबा, साबण, काडेपेटी, सगळ्यांचे कागद सोलले. भिंतीवरच्या कॅलेंडरवर एका सराफाची जाहिरात होती म्हणून तेही उतरवलं. अव्वा इतका वेळ गप्प होती, तिथे मात्र भडकली.

"आता अमावस्या कुणाला विचारू? कोर्टाला?"

चष्म्याला आमच्या गल्लीने तासाभरात नाव दिलं, झापड. टांग्याच्या घोड्याला बांधतात ती. पोरं मला झापडअक्का म्हणू लागली. पण गल्ली माझ्या बाजूने उभी राहिली हेही खरं. किराणावाल्याने मी आले की पुडे फिरवून ठेवायचा नेम केला. शेजारच्या वनमालाकाकूंनी कोपऱ्यावरच्या जाहिरातीच्या फलकावर आपली सोलापुरी चादर टाकली, दिवसाढवळ्या. महानगरपालिकेच्या माणसाने जाब विचारला तर म्हणाल्या, वाळत घातलीय. झापड असताना त्याची काही गरज नव्हती, पण काकूंचा यंत्रावर विश्वास नव्हता.

मला मात्र वेड लागायची पाळी आली. दुकानात सगळे डबे सारखेच राखाडी. एकदा केसांना लावायचं तेल म्हणून आणलं ते शिवणयंत्राचं निघालं. बसस्टॉपवर बस बोलायची म्हणून मला कळायचं ती कुठे जाते, नाहीतर तीही एक मोठा ढगच. पहिले आठ दिवस मजा वाटली, डोक्याला निवांतपणा. मग एक विचित्र भूक लागायला लागली. पोटाची नाही, डोळ्यांची.

तेवढ्यात गड्ड्याचे दिवस आले.

सोलापूरबाहेरच्यांसाठी सांगते. संक्रांतीला आमच्या सिद्धरामेश्वरांची यात्रा भरते, तिला आम्ही गड्डा म्हणतो. तिच्यात उंचच्या उंच नंदीध्वज निघतात. घरापेक्षा उंच काठी, एकाच माणसाने कमरेवर तोलून धरायची आणि चालायचं. पांढरी बाराबंदी घातलेली माणसं दिवाळीपासून सराव करतात. यंदा माझा धाकटा भाऊ बसवराज, आमचा बसू, पहिल्यांदा काठी उचलणार होता. त्याच्या वाट्याला आलेलं अंतर थोडकंच, पण आमच्या घरात आजोबांनंतर ती कुणी उचलली नव्हती. बसू मला आईइतकाच धरून असतो. तो म्हणाला, अक्का, तू समोर उभी राहा, म्हणजे माझा तोल जाणार नाही.

मी उभी राहिले. अक्षतेच्या, म्हणजे यात्रेतल्या लग्नसोहळ्याच्या दिवशी, अगदी पुढे, वनमालाकाकूंचा हात घट्ट धरून. हलग्या वाजायला लागल्या, "एकदा भक्तलिंग हर्र, बोला हर्र" असा गजर झाला, आणि माझ्या अंगावर काटा आला. बसू आला. कमरेचा पट्टा, ताणलेल्या मनगटाच्या शिरा, घामाने चकाकणारा चेहरा, सगळं दिसलं. मी वर पाहिलं. वर राखाडी ढग होता.

झापडेने नंदीध्वज पुसला होता. बाशिंग, रंगीत झालर, चकचकीत सजावट. यंत्राला वाटलं, एवढी नटवलेली, उंच, सगळ्यांना दिसेल अशी उभी केलेली गोष्ट जाहिरातच असणार. माझा भाऊ समोरून चालत होता आणि त्याने आभाळात धरलेलं ते वैभव मला दिसत नव्हतं. माझा हात चष्म्याकडे गेला. आजूबाजूला, दर दहा पावलांवर चटणी-भाकरीचे स्टॉल होते आणि कंपनीने नवा पुडा गड्ड्यातच बाजारात आणला होता हे गल्लीत सगळे बोलत होते. एक क्षण काढला असता तरी ते चिन्ह दिसू शकलं असतं. दिसलं असतं तर सुनावणीच बाद. मी हात खाली घेतला आणि रडत उभी राहिले. काकूंना वाटलं, मी भक्तीने रडतेय.

संध्याकाळी बसू घरी आला तो उड्या मारतच. त्याने अव्वाला मिठी मारली आणि माझ्यासमोर येऊन बसला.

"अक्का, वळणावर ध्वज डोलला ते बघितलीस का?"

"बघितलं की."

"कुठल्या अंगाला डोलला?"

मी पाण्याचा तांब्या भरायला उठले. त्याच्या लक्षात आलं. तो वैतागला नाही, ओरडलाही नाही. त्याचा चेहरा मात्र उतरला. म्हणाला, एका क्षणासाठी काढायची होतीस. एवढ्या गर्दीत तुझ्यावर कोण लक्ष ठेवून बसलंय?

"मीच बसले होते," मी म्हणाले.

त्यानंतर तो माझ्याशी कामापुरतं बोलू लागला. मला त्याचा राग आला नाही. मला कंपनीचा आला, कोर्टाचा आला, आणि खरं सांगायचं तर निंगव्वांचासुद्धा आला. यांच्या चटणीपायी माझ्या भावाचा तो दिवस माझ्या हातून गेला होता आणि तो परत येणार नव्हता.

अखेर तारीख उगवली. बसूने मला मोटारसायकलवरून मंडळाच्या दारात सोडलं, वाटेत एक शब्द न बोलता. दालनात पुन्हा तीच माणसं. निंगव्वांबरोबर या वेळी दोनच बायका होत्या. बाकीच्यांना काम उरलं नाही म्हणून त्या दुसरीकडे लागल्या, असं त्यांचे वकील वर्तकबाईंना सांगत होते. गड्ड्यात नवा पुडा खपत होता आणि जुन्याची मागणी निम्म्यावर आली होती. लोक नवा पुडा जुना समजूनच नेतात, असं त्यांचं म्हणणं. सबनीस म्हणाले, लोक चवीने नेतात. ते ठरवायला तर आपण जमलो आहोत, वर्तकबाई म्हणाल्या, आणि त्यांनी शमाला सुरू करायला सांगितलं.

चिन्ह दाखवण्याआधी यंत्र जुळवून घ्यावं लागतं. रोजच्या ओळखीच्या दहा-बारा वस्तू दाखवायच्या, माझी नेहमीची लहर किती उंच येते ते बघायचं. शमाने झापड काढून घेतली, पट्टी बांधली. पडद्यावर एक दंतमंजनाचा डबा आला.

मला तो इतका सुंदर वाटला की सांगता सोय नाही. लाल. किती लाल. त्यावर पांढरी अक्षरं. मग बिस्किटाचा पुडा आला, मग काडेपेटी, मग सर्दीच्या मलमाची डबी, आणि मी लहान मुलासारखी हसायला लागले. शमा मात्र हसत नव्हती. पडद्याच्या कडेला माझी लहर उमटत होती आणि प्रत्येक वेळी वरच्या रेघेला धडकत होती.

"शिवलीलाताई," ती हळूच म्हणाली, "तुम्ही हद्दीबाहेर गेलायत."

तिने पुन्हा एकदा सगळं केलं. पुन्हा तेच. मग तिने वर्तकबाईंना समजावलं. उपाशी माणसाला कोरडी भाकरीही गोड लागते, तसं हे आहे. दीड महिना ज्या मेंदूला एकही छाप दिसली नाही, तो आता प्रत्येक छापेवर तुटून पडतोय. नवं चिन्ह दाखवलं तरी लहर आभाळाला जाणार, पण त्यातून काहीच सिद्ध होणार नाही. साध्या काडेपेटीलाही ती तेवढीच जातेय.

वर्तकबाईंनी कपाळाला हात लावला. "म्हणजे ही बाई सर्वसाधारण राहावी म्हणून तारीख दिली आणि त्या तारखेने सोलापुरातली सगळ्यात विशेष बाई तयार झाली."

माझं प्रमाणपत्र तिथल्या तिथे स्थगित झालं. मला वाईट वाटायला हवं होतं, पण डोळ्यांपुढे अजून तो लाल डबा नाचत होता. सबनीस उठले आणि अगदी नम्रपणे म्हणाले की मग दुसऱ्या जिल्ह्यातला प्रमाण ग्राहक बघावा, त्याला जुनं चिन्ह दाखवावं, आणि कोर्टाने घालून दिल्याप्रमाणे पुन्हा दोन महिने मुरू द्यावं. निंगव्वांचे वकील म्हणाले की दोन महिन्यांनी वाचवायला काही उरलेलं नसेल. तेव्हा चटणीच्या कारखान्याचं दार उघडून बघाल तर आत कुणी नसेल. वर्तकबाई म्हणाल्या, जेवणाच्या सुट्टीनंतर ठरवते, पण नियमाने तारीख द्यावीच लागेल असं दिसतंय.

मला कुणी काही विचारलं नाही. शमाने झापड कपाटात ठेवली आणि सांगितलं, तुम्ही आता मोकळ्या. कुणाशीही बोला, काहीही बघा.

मी जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरले. बसू बाहेरच होता, मोटारसायकलला टेकून. त्याने माझे उघडे डोळे पाहिले.

"संपलं?"

"संपलं. मी नापास झाले."

का कुणास ठाऊक, तो हसला, आणि मग मीही. यात्रा संपली तरी गड्ड्याचा बाजार पुढे बरेच दिवस चालतो, आणि तो भरतो ते होम मैदान तिथून हाकेच्या अंतरावर. आम्ही तिकडे पळालोच म्हणा ना. काय सांगू तुम्हाला, पाळण्यांवरची चित्रं, फुग्यांवरची, बर्फाच्या गोळ्यांच्या बाटल्यांवरची, भिंगरीवाल्याच्या पाटीवरची. मी प्रत्येक पाटी मोठ्याने वाचत होते आणि माणसं वळून बघत होती. बसूने मध्येच मला थांबवलं. बाजूच्या दुकानातली एक लांब वेळूची काठी मागून घेतली, कमरेला टेकवली आणि भर बाजारात चालून दाखवलं. वळणावर काठी डावीकडे डोलली, त्याने गुडघा वाकवून ती सावरली.

"असं झालेलं," तो म्हणाला. "डाव्या अंगाला."

मला एकदम भरून आलं, आणि भूकही लागली. एका स्टॉलवर कडक भाकरीच्या चळती होत्या आणि त्यांच्यामागे चटणीच्या पुड्यांचा ढीग. मी लांबूनच ओळखला. लाल वर्तुळ, बांगड्यांचा हात. ज्या चिन्हाची आठवणसुद्धा काढायची मला बंदी होती तेच, समोर. माझ्या मनात आलं, या बाईपायी मी दीड महिना आंधळी फिरले, निदान तिची चटणी तरी खाऊन बघू. वर्तकबाई तारीख देणार आणि तिचं बंद पडणार, तर माझ्याकडून एक पुडा तरी खपू दे. अव्वाला कळता कामा नये, असं बसूला बजावून मी आयुष्यातला पहिला विकतचा पुडा घेतला. दुकानदाराला काही विचारलं नाही. हात घातला आणि उचलला.

मंडळाच्या व्हरांड्यात निंगव्वा आपल्या दोन बायकांबरोबर डबा उघडून बसल्या होत्या. मी सरळ त्यांच्यापुढे गेले. इतक्या दिवसांचं साठलेलं सगळं एकदम बोलायला लागले : की माझ्यावर आता बंधन नाही, की मला तुमचा राग आलेला, तो आता गेला, की मी नापास झाले त्याची माफी असावी. आणि पुडा पुढे केला.

"निंगव्वाक्का, हे बघा, तुमचीच आणली."

त्यांनी पुडा बघितला. हात पुढे केला नाही. त्यांच्या तोंडाचं हसू हळूहळू मावळलं.

"पोरी, ही आमची न्हवं."

मी पुडा उलटा केला. मागे बारीक अक्षरात आरोहण फूड्स. पुन्हा पुढची बाजू पाहिली. उखळ नव्हतं, खलबत्ता होता. मुसळ नव्हतं, बत्ता होता. बांगड्या हिरव्यांऐवजी पिवळ्या. मी, जिने ते चित्र भाकरी थापताना, केस विंचरताना पाहिलं होतं, ती मी डोळे उघडे ठेवून फसले होते. कानशिलं तापली.

नेमक्या त्याच वेळी व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाकडून सबनीस तरातरा आले, कॉफीचा कप हातात तसाच. त्यांनी लांबून पाहिलं होतं ते एवढंच : मी, निंगव्वा, आणि मधे चटणीचा पुडा. हा काय प्रकार चाललाय, ते म्हणाले. सुनावणी अजून संपलेली नाही. स्थगित झाली तरी बाई मंडळाची साक्षीदार आहे आणि विरोधी पक्ष तिला आपला माल वाटतोय. त्यांनी माझ्या हातातून पुडा घेतला, शमाला साक्षीला बोलावलं आणि दालनाकडे निघाले. निंगव्वांचे वकील घाईघाईने काही सांगायला गेले. निंगव्वांनी त्यांचा कोट धरला.

"जाऊ दे की त्याला," त्या म्हणाल्या. "घेऊन जाऊ दे."

दालनात वर्तकबाई नुकत्याच येऊन बसल्या होत्या. सबनीसांनी पुडा त्यांच्या टेबलावर ठेवला, चिन्ह वर करून, आणि विरोधी पक्षाने साक्षीदाराला फितवण्याचा प्रयत्न केला आहे, असा रीतसर आक्षेप घेतला. एवढ्यावरूनच विरोध फेटाळावा, अशी मागणीही केली. वर्तकबाईंनी पुडा हातात घेतला, मागून पाहिला, पुढून पाहिला आणि चष्मा नाकावर नीट बसवला.

"हे विरोधी पक्षाचंच चिन्ह आहे, अशी तुमची खात्री आहे?"

"मॅडम, दोन महिने याच चिन्हाशी झगडतोय. झोपेतही ओळखीन."

"नोंदीवर घेऊ?"

"अवश्य घ्या."

त्यांनी ते घेतलं. टंकलेखकाला शब्दन्‌शब्द सांगून घेतलं. मग पुडा उलटा करून सबनीसांच्या हातात दिला. सबनीसांनी वाचलं. पुन्हा वाचलं. नंतर निंगव्वांच्या बरोबरच्या एका बाईला हसू आवरेना आणि तिने तोंडात पदर कोंबला.

वर्तकबाईंनी मला उभं केलं आणि पुडा कुठून, कसा घेतला ते विचारलं. मी सगळं सांगितलं, हात घातला आणि उचलला हेसुद्धा. ते सांगताना मला लाज वाटत नव्हती. उलट मी ते दोनदा सांगितलं. त्यांनी मग आदेश सांगायला घेतला. कायदा विचारतो की माणूस फसेल का. यंत्र हा ते तपासायचा एक मार्ग, एकमेव नव्हे. आज एक गिऱ्हाईक फसलं, आणि ते गिऱ्हाईक पक्षपाती होतं असं कुणी म्हणेल, तर अर्जदाराचे स्वतःचे वकीलही फसले, ज्यांना न फसण्याची फी मिळते. पुढची तारीख देण्याची गरज नाही. विरोध मान्य. नोंदणी नाकारली.

मी खुर्चीवर धपकन बसले. बसू दारातून आत डोकावत होता, त्याला मी काय झालं ते हातवाऱ्यांनीच सांगितलं आणि तो नाचायलाच लागला, तिथे नाचायची मनाई असून. मला वाटत होतं, कुणाला तरी कडकडून मिठी मारावी. चार महिने साध्या माणसांत राहा, शमा म्हणत होती, मग तुमची पुन्हा तपासणी करू, प्रमाणपत्र परत मिळेल. मी तिला सांगितलं की नको, मला पुन्हा कुणी मधोमध ठेवू नका. कॉलर शिवेन मी.

बाहेर आल्यावर निंगव्वांनी माझा हात धरला आणि सोडलाच नाही. त्यांच्या तळहाताला लसणाचा वास होता. तू फसलीस म्हणून आम्ही तरलो, त्या म्हणाल्या. सबनीस पुडा टेबलावरच विसरून गेले होते, तो शमाने आणून दिला. निंगव्वांनी तो फोडला, चिमूटभर चटणी तळहातावर घेतली, जिभेवर ठेवली आणि डोळे बारीक करून बराच वेळ चघळत राहिल्या. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

"बरी केलीय की," त्या म्हणाल्या. "मग स्वतःचं चित्र काढायला काय झालेलं यांना?"